वर्षानुवर्षं ऐकलेलं जे-पॉप नकोसं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात असताना, २००६ च्या सुमारास, मित्राने दिलेल्या डिस्कवर ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका पाहिली आणि त्यातल्या जे-पॉप, म्हणजे जपानी पॉप गाण्यांनी वेड लावलं. लार्क आँ सिएल आणि एशियन कुंग-फू जनरेशन हे बँड, नंतर युइ आणि उताडा हिकारू या गायिका, एवढ्यांवर सहा-सात वर्षं मजेत गेली. त्यापायी जपानी शिकायला घेतली, जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, एन-३ पर्यंत मजल गेली. पण २०१२-१३ पासून ओढ कमी होत गेली. आता भाची योआसोबी किंवा आदो या आजच्या जपानी गायकांची गाणी लावते तेव्हा गोंगाट वाटतो, आणि स्वतःची जुनी गाणी लावली तर दुसऱ्या मिनिटाला बोट ‘पुढचं’वर जातं. मग संगीत घसरलं, की आपलं वय झालं? आणि ज्या गाण्यांसाठी भाषा धरली तीच नकोशी झाली, तर भाषेचं काय करायचं?

मी पुण्यात जपानी शिकवते आणि मधूनमधून कंपन्यांसाठी दुभाषाचं काम करते. वर्गात येणाऱ्यांतले बरेच जण नोकरीसाठी येतात, उरलेले अ‍ॅनिमे आणि गाण्यांमुळे. तुमचा प्रश्न या दुसऱ्या गटाकडून हमखास येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि बहुतेक वेळा जरा ओशाळून विचारलेला असतो, जणू काही कुणाची तरी फसवणूक केली आहे. इतक्या वेळा ऐकल्यावर माझं एक मत झालं आहे. ‘संगीत घसरलं’ आणि ‘वय झालं’ ही दोन्ही उत्तरं थोडीथोडी खरी असली तरी मुख्य कारण वेगळंच आहे. जे-पॉपची आवड ही गाण्याइतकीच ते गाणं कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत येतं यावर उभी असते. ती वाट बंद झाली की गोडी आटते, आणि आपण मात्र कानांना नाहीतर गायकांना दोष देतो.

आधी तारखा बघा. उताडाने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं की वर्ष संपलं की आपण थांबणार. तिचा पुढचा अल्बम आला थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. युइने २०१२ च्या अखेरीस एकल गाणं थांबवलं आणि फ्लॉवर फ्लॉवर हा बँड काढला, ज्याचा बाज तिच्या गिटारच्या गाण्यांपेक्षा पार निराळा. लार्क आँ सिएलचा अल्बम फेब्रुवारी २०१२ मध्ये आला, मार्चमध्ये ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवून आले, आणि त्यानंतर वर्षं उलटत गेली तरी पूर्ण लांबीचा नवा अल्बम काही आला नाही. तुमच्या चार नावांपैकी तीन दोन वर्षांच्या आत थांबली. नेमाने काम करत राहिले ते फक्त एशियन कुंग-फू जनरेशनवाले. तुम्ही म्हणता ओढ २०१२-१३ पासून कमी झाली. ऐकायला नवीन काही येतच नव्हतं, तर ती टिकणार कशी?

आता हे लोक मुळात तुमच्याकडे आले कसे ते पाहू. लार्क आँ सिएल आणि एशियन कुंग-फू जनरेशन हे दोघेही किऊन या लेबलचे, म्हणजे सोनी म्युझिकच्या घरातले. युइसुद्धा सोनीचीच. आणि ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ काढणाऱ्यांत असलेली अ‍ॅनिप्लेक्स ही कंपनी पुन्हा सोनी म्युझिकची. २००३ च्या मालिकेत पहिल्या दोघांची शीर्षकगीतं होती, २००९ च्या दुसऱ्या मालिकेचं पहिलं शीर्षकगीत युइचं. तेव्हा ज्याला आपण ‘माझी खास रुची’ म्हणत होतो ती बऱ्याच अंशी तोक्योतल्या एका कंपनीतल्या टाय-अप, म्हणजे गाणं मालिकेला किंवा जाहिरातीला जोडून देण्याचं काम पाहणाऱ्या मंडळींनी ठरवून दिली होती. हा टोमणा नाही. निवड उत्तम होती, माझीही तशीच झाली.

टाय-अप हा जे-पॉपचा कणा आहे हे समजल्याशिवाय बाकीचं उलगडत नाही. १९९१ मध्ये फुजी टीव्हीवर सोमवारी रात्री नऊच्या मालिकेसाठी ओदा काझुमासाने गाणं दिलं आणि ते पंचवीस लाखांच्या वर खपलं. त्याच वर्षी, त्याच वेळेच्या पुढच्या एका मालिकेचं चागे अँड आस्काचं गाणं सलग १३ आठवडे ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या संगीतविक्रीच्या, यादीत पहिलं राहिलं. तेव्हापासून मालिका, जाहिरात किंवा अ‍ॅनिमे यांपैकी कशाला तरी बांधल्याशिवाय मोठं गाणं बाजारात यायचं म्हणजे अपवादच. १९९८ मध्ये हा धंदा शिखरावर होता, सुमारे सहाशे अब्ज येनचा. वर्षअखेरीस पंधरा वर्षांच्या उताडाचं पहिलं सिंगल आलं, आणि १९९९ च्या मार्चमध्ये आलेला तिचा पहिला अल्बम सत्तर लाखांहून जास्त खपला. जपानात तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि सीडीचे दिवस बघता कुणी मोडेल असं वाटत नाही.

अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीताला मिळतात दीड मिनिटं. त्यातही साधारण ८९ सेकंदांत गाणं बसवावं लागतं. जपानी गाण्याची ठरलेली बांधणी म्हणजे ए-मेलो, मग बी-मेलो, मग साबी. पहिलं कडवं, त्यातून चढत जाणारा जोड, आणि मग जिच्यासाठी सगळं केलं ती मुख्य ओळ. ८९ सेकंदांत हा फेरा एकदाच होतो. तुम्ही ते एवढंच रूप आठवड्यामागून आठवडे, मालिकेतल्या एडवर्ड आणि अल्फॉन्सचं पुढे काय होणार या हुरहुरीसकट ऐकलं. मग पूर्ण गाणं मिळवलं, पण कानाला सवय लागली ती दीड मिनिटाची. दुसऱ्या मिनिटाला बोट ‘पुढचं’वर जातं असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला हसू आलं, कारण वर्गातली मुलंही अगदी तिथेच उठतात. पहिला साबी संपला की त्यांच्या मनात मालिका सुरू व्हायला हवी असते. ती होत नाही. पुढे उरतं ते नुसतं गाणं, आणि नुसत्या गाण्याशी आपली ओळख वाटते तितकी जुनी नसते.

तुमची ओढ कमी होत होती त्या सुमारास जपानमध्ये काय चाललं होतं तेही बाहेरच्या ऐकणाऱ्याला नाउमेद करणारंच होतं. अकिमोतो यासुशी यांनी २००५ च्या डिसेंबरमध्ये अकिहाबाराच्या छोट्या नाट्यगृहात एकेबी-४८ हा मुलींचा गायनगट सुरू केला. पुढे त्यांच्या सीडीबरोबर गायिकांशी हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी मिळू लागली, आणि २००९ पासून दरवर्षीच्या ‘निवडणुकी’साठी मतपत्रिका. एकाच माणसाने एकाच गाण्याच्या डझनावारी सीडी घ्याव्यात अशीच ती योजना. २०११ च्या ओरिकॉनच्या वार्षिक सिंगल यादीत पहिली पाचही गाणी त्यांचीच होती. ओरिकॉन तेव्हा फक्त विकलेल्या प्रती मोजायचं. ऐकणं आणि डाउनलोड धरून एकत्रित यादी सुरू झाली ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे मधली काही वर्षं ती यादी लोक काय ऐकतात हे सांगतच नव्हती. तुमच्यासारखा माणूस ‘जपानमध्ये नवीन काय’ म्हणून यादी उघडणार, त्याला तीच तीच नावं दिसणार, आणि तो म्हणणार की संपलं सगळं. प्रत्यक्षात त्याच वर्षांत चांगलं काम होत होतं, फक्त यादीत दिसत नव्हतं. मला एकेबीच्या गाण्यांवर राग नाही, काही चाली फारच छान आहेत. राग आहे तो त्या मोजमापावर.

शिवाय दार आतून बंद होतं. तुम्हालाही आठवत असेल, यूट्यूबवर अधिकृत व्हिडिओ असायचे ते अर्धेमुर्धे, ‘शॉर्ट व्हर्जन’ अशी पाटी लावलेले, आणि कित्येक तर भारतातून उघडायचेच नाहीत. कारण सरळ होतं. जपान ही अमेरिकेनंतरची जगातली सगळ्यात मोठी संगीत बाजारपेठ, सीडीची किंमत कायद्याच्या सवलतीमुळे ठरलेली, अल्बम साधारण तीन हजार येनला, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी कोपऱ्यावर भाड्याने सीडी देणारं दुकान. घरचं गिऱ्हाईक एवढं पैसे देत असताना पुण्या-नाशिकच्या पोरांना फुकट व्हिडिओ कशाला दाखवायचा? कोरियाला अशी घरची श्रीमंती नव्हती, म्हणून त्यांनी सगळं उघडं ठेवलं. जुलै २०१२ मध्ये कोरियाचा तो घोडेस्वारीच्या नाचाचा ‘गंगनम स्टाइल’ व्हिडिओ जगभर गेला. माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यानंतरच्या दोन वर्षांत वहीवरची चित्रं बदलली. स्पॉटिफाय जपानमध्ये पोचलं २०१६ मध्ये, उताडाची गाणी अशा सेवांवर आली २०१७ च्या डिसेंबरमध्ये, मिस्टर चिल्ड्रन या बँडची २०१८ मध्ये. तोपर्यंत बाहेरचे कितीतरी ऐकणारे कंटाळून निघून गेले होते.

आता भाचीच्या गाण्यांकडे येते, कारण ‘गोंगाट’ हा शब्द तुम्ही वापरलात आणि तो अगदीच चुकीचा नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने यामाहाच्या तंत्रावर बेतलेली हात्सुने मिकू ही गाणारी आज्ञावली विकायला काढली. त्याआधी काही महिने निकोनिको हे व्हिडिओचं संकेतस्थळ सुरू झालेलं होतं. ज्यांच्याकडे ना बँड, ना गायिका, ना स्टुडिओ, अशी घरात बसलेली मुलं मिकूकडून गाऊन घेऊन तिथे गाणी टाकू लागली. यंत्राला श्वास लागत नाही. यंत्राचा आवाज वरच्या पट्टीत फाटत नाही. एका सुरावरून दहा सूर वर उडी मारायची असेल तर ते मारतं. त्यामुळे चाली तशाच होत गेल्या: वेगवान, लांब उड्यांच्या, शब्दांनी खच्चून भरलेल्या. मग या चाली माणसंही गाऊ लागली. आज मोठा स्टार असलेला योनेझु केन्शी तेव्हा ‘हाची’ या नावाने मिकूची गाणी टाकायचा. योआसोबीचा आयासे त्याच परंपरेतला. आदोनेही सुरुवात केली ती निकोनिकोवर अशीच गाणी गाऊन, आणि २०२० मध्ये ती घराघरांत पोचली. २०२३ मध्ये योआसोबीचं एका अ‍ॅनिमेचं शीर्षकगीत बिलबोर्डच्या अमेरिका वगळून काढलेल्या जागतिक यादीत पहिलं आलं. थोडक्यात, भाची ऐकते ती तुमच्या गाण्यांची पुढची पिढी नाहीच, ते चुलत घराणं आहे. तुम्ही लार्क ऐकत होतात तेव्हा ते शेजारच्या खोलीत वाढत होतं, आणि तुमचं तिकडे लक्ष नव्हतं.

कानाला ते का बोचतं याचं एक कारण भाषेतच आहे. जपानीत प्रत्येक अक्षर साधारण सारख्याच वेळाचं असतं, आणि जुन्या गाण्यांत एका अक्षराला एक सूर, मध्ये ऐसपैस जागा, असा रिवाज होता. जपानी शब्द रॉकच्या तालात बसवता येतील का, यावर १९७० च्या आसपास तिथे चांगलाच वाद झाला होता. सदर्न ऑल स्टार्स या बँडच्या कुवाता केइसुकेने १९७८ पासून शब्द इंग्रजीसारखे चघळून गायला सुरुवात केली तेव्हा मोठी माणसं वैतागली. उताडाच्या पहिल्याच गाण्यात शब्द भलत्याच ठिकाणी तोडलेले होते, आणि तेच तिचं नवेपण ठरलं. आताच्या गाण्यांत मात्र तालाच्या बारीकातल्या बारीक तुकड्यावर एक अक्षर ठेवलेलं असतं आणि श्वासाला फट नसते. त्यात स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजलं जातं, म्हणून वाद्यांची सुरुवात गेली आणि गाणं पहिल्याच क्षणी गळ्यात पडू लागलं. जागा असलेल्या गाण्यांवर तयार झालेला कान याला गोंगाट म्हणणारच. एक करून बघा: योआसोबीचं कुठलंही गाणं कुणीतरी नुसत्या पियानोवर वाजवलेलं मिळतं, ते ऐका. चाल किती विचारपूर्वक बांधलेली आहे ते कळेल. आवडेलच असं नाही. पण ‘घसरलं’ म्हणायची सोय राहणार नाही.

आणि जुनी गाणी? ती तर तीच आहेत, मग ती का लागत नाहीत? वर टीव्हीच्या दीड मिनिटाचं कारण दिलं, पण त्याखाली संगीताचंही एक कारण आहे, आणि ते पेटीवर वाजवून पाहता येतं. शुद्ध मध्यमासकट सगळे शुद्ध सूर घ्या. आधी म-ध-सा एकत्र दाबा, मग प-नि-रे, मग ग-प-नि, मग ध-सा-ग. एकही कोमल सूर लागत नाही. या चार पायऱ्या लागोपाठ वाजवल्या की जपानी गाण्याचा वास लगेच येतो. तिथले संगीतकार या क्रमाला राजमार्ग म्हणतात, आणि जे-पॉपमधले किती साबी यावर उभे आहेत याची गणती कुणी करू नये. दुसरी एक ठरलेली चाल कोमुरो तेत्सुयाच्या नावाने ओळखली जाते: आधी ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नि-रे, आणि शेवटी सा-ग-प. नव्वदच्या दशकात टीआरएफ, आमुरो नामिए, ग्लोब या सगळ्यांसाठी गाणी करणारा तोच माणूस. याच्या जोडीला शेवटचा साबी अर्धा किंवा एक सूर वर चढवायचा, की डोळ्यांत पाणी.

या क्रमांत खरंच जादू आहे. ते सुखाकडे निघतात आणि ऐन वेळी उदासीकडे वळतात, म्हणून मनाला लागतात. पण कानाला एकदा वळण पाठ झालं की पुढचं पाऊल आधीच कळतं. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात मांडलं होतं की ओळख वाढते तशी आवड आधी वाढते, एका जागी कळस गाठते आणि मग उतरते. फार सोपं लवकर उतरतं, गुंतागुंतीचं जरा उशिरा. टीव्हीवर आठवड्यातून एकदा ऐकणाऱ्या जपानी मुलाला हा उतार लागायला वेळ लागतो. इअरफोन लावून सलग तेच गाणं फिरवणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे नवीन जपानी गाणी फारशी पोचतच नव्हती, तो लवकर लागतो. आपण परदेशातले चाहते कमी गाणी फार वेळा ऐकतो. मोठ्या अंतराने ऐकल्यावर थोडी गोडी परत येते, एवढं वर्गातल्या जुन्या मुलांवरून सांगू शकते.

वयाचंही बघून घेऊ, म्हणजे ते मनातून जाईल. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्पॉटिफायच्या आकडेवारीवर एक विश्लेषण आलं होतं. पुरुषांना आयुष्यभर सगळ्यात जवळची वाटणारी गाणी ते साधारण चौदा वर्षांचे असताना आलेली असतात, बायकांच्या बाबतीत तेराव्या वर्षाच्या आसपासची. तुमच्या चौदाव्या वर्षी जे-पॉप नव्हतंच. तेव्हाची हिंदी गाणी रिक्षात लागली तर मन हलतं का बघा. हलत असेल तर कान म्हातारे झालेले नाहीत. जे-पॉप तुमच्या त्या सगळ्यात खोल थरातलं नव्हतं, इतकंच. जपानी माणसांचंही वेगळं नाही. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत आलेले पन्नाशीचे साहेब जेवणानंतर कराओके सुरू झालं की स्वतःच्या शाळा-कॉलेजातली गाणी म्हणतात आणि आजच्या तीन गायकांची नावं विचारली तर हात वर करतात. ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर होणारा कोहाकू हा गाण्यांचा सामना १९६३ मध्ये जपानच्या ८१.४ टक्के घरांत पाहिला गेला होता. २०२१ पासून तो आकडा चाळीसच्या बराच खाली आहे, आणि दरवर्षी तीच तक्रार: आजोबांना गायक ओळखू येत नाहीत, नातवंडांना एन्का, म्हणजे जुन्या ढंगाची जपानी गाणी ऐकवत नाहीत.

आता माझ्या कामाच्या जवळचा मुद्दा, जो इतरत्र सहसा कुणी सांगत नाही. गाण्यांमुळे जपानीकडे आलेल्या मुलांची गाण्यांची ओढ कमी होण्याची सगळ्यात ठरलेली वेळ म्हणजे एन-३. आधी मला हा योगायोग वाटायचा. पण एन-३ ला पोचलं की गाणं ऐकताऐकताच कळू लागतं, आणि तिथेच घोळ होतो. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं आपण स्वतःच्या अर्थाने भरून टाकतो. आवाजातली ओढ, एखादा चढलेला सूर, शीर्षकात दिसलेली नायकाची पाठ, या सगळ्यातून आपण एक कविता रचलेली असते. अर्थ कळू लागला की ती कविता जाते आणि तिच्या जागी प्रत्यक्ष शब्द येतात: आकाश, पंख, उद्या, अश्रू, हात सोडू नकोस, साकुरा (चेरीचा बहर) गळतोय. दहापैकी सात गाण्यांत हेच. वर्गात एक हुशार मुलगी आपल्या सगळ्यात लाडक्या गाण्याचे शब्द फळ्यावर लिहून मागे वळली आणि म्हणाली, “मॅडम, एवढंच होतं?” सगळे हसले, पण तिने ते गाणं पुन्हा ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

यात जे-पॉपची बदनामी करायची नाही. आपल्याकडचीही कितीतरी सिनेमाची गाणी चंद्र, पाऊस आणि वाट पाहणं यावरच चालतात. मातृभाषेत ते खटकत नाही, कारण लहानपणापासून आपण शब्द आणि चाल वेगळी करून ऐकतच नाही. दुसऱ्या भाषेत मात्र प्रत्येक शब्द कष्टाने कमावलेला असतो, आणि कमावून हाती साधंच काही आलं की रुसवा येतो. ज्यांची आवड या टप्प्यातून वाचते ते गायकाकडून गीतकाराकडे सरकतात. गायिका-गीतकार नाकाजिमा मियुकीचे शब्द पन्नाशीतल्या बाईलाही पुरतात. सत्तरच्या दशकापासून दोन हजारच्या दशकापर्यंत, चारही दशकांत तिची गाणी ओरिकॉनवर पहिली आलेली आहेत. मात्सुमोतो ताकाशी हे हॅपी एंड या बँडचे ड्रमवादक, पुढे गीतकार झाले. त्यांच्या ओळीत जागा, ऋतू, दिवसाची वेळ, सगळं नेमकं असतं. स्पिट्झ या बँडचा कुसानो मासामुने साधे शब्द वापरतो आणि तरी ओळ हातातून निसटत राहते. हे तिघेही एन-३ वर कळू लागतात, आणि कळले तरी संपत नाहीत.

काहींचं मन गाण्यावरून उडतं त्याचा कानाशी काहीच संबंध नसतो, तेही नमूद करते. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने जॉनी अँड असोसिएट्स या मुलांचे गायनगट घडवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाने किशोरवयीन मुलांच्या केलेल्या लैंगिक शोषणावर माहितीपट दाखवला. तो २०१९ मध्येच वारला होता. सप्टेंबरमध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि ऑक्टोबरमध्ये नाव बदललं. माझ्याकडच्या आराशी या तिथल्या गटाच्या जुन्या चाहत्या मुली त्यानंतर ती गाणी लावू शकल्या नाहीत. तिथे मी काहीच समजावत नाही.

आता तुम्ही काय करावं? पहिलं, काहीही केलं नाही तरी चालेल. आवडीची हजेरी लावायची नसते. पण कुतूहल शिल्लक असेल, आणि एवढा लांब प्रश्न लिहिलात म्हणजे ते आहेच, तर ऐकण्याची वाट बदला. आपण मराठी माणसं गाणं ऐकलं की पहिलं विचारतो, संगीत कुणाचं? आकाशवाणीने ती सवय लावली: गीतकार, संगीतकार, गायक, मगच गाणं. जे-पॉप ऐकताना मात्र आपण चेहऱ्यामागे जातो आणि चेहरा थांबला की आपणही थांबतो. तेव्हा श्रेयनामावली वाचा. उदाहरण देते. गायिका शीना रिंगो ऐकली असेलच. तिच्या सुरुवातीच्या अल्बमांचा संयोजक आणि तोक्यो जिहेन या बँडचा बासवादक म्हणजे कामेदा सेइजी. त्याचं नाव धरून निघालात की २००२ नंतरचं स्पिट्झ सापडतं, हिराइ केन या गायकाचं २००४ चं सगळ्यात गाजलेलं प्रेमगीत सापडतं. असा एक माणूस धरून एक महिना जातो. यादीची गरज लागत नाही, आणि शिफारशी करणाऱ्या यंत्राचीही नाही. ते यंत्र तुम्हाला २००६ मध्येच फिरवत ठेवेल.

दुसरं, मागे जा. १९७० ते ८५ च्या काळातलं ज्याला आता सिटी पॉप म्हणतात त्यात राजमार्गाच्या पलीकडचे स्वरसमूह भरपूर आहेत, आणि वादक अव्वल. ओताकी एइइचीचा १९८१ चा अल्बम आणि यामाशिता तात्सुरोचं १९८२ चं काम यांपासून सुरुवात करावी. एक अडचण आहे: यामाशिता आपली गाणी अशा ऐकण्याच्या सेवांवर देत नाहीत, आणि बहुधा मरेपर्यंत देणार नाही असं त्यांनी २०२२ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं. सीडी मागवावी लागते. मला विचाराल तर ती अडचण फायद्याचीच आहे, कारण पैसे घालून आणलेली सीडी माणूस शेवटपर्यंत ऐकतो.

तिसरं, उताडाकडे परत जायचं असेल तर जुन्या गाण्यांनी जाऊ नका. २०१६ चा अल्बम आईच्या मृत्यूनंतरचा आहे. तिची आई फुजी केइको, एन्काची नामवंत गायिका. आणि २०२२ चा अल्बम तर तुम्हाला हवी ती जागा, तो संथपणा घेऊन येतो. तीही चाळिशीला आलेली आहे, गंमत म्हणजे तुमच्याबरोबरच.

भाषेचं म्हणाल तर काळजी करू नका. गाण्यांनी आलेले आणि नोकरीसाठी आलेले, यांत एन-२ च्या, म्हणजे पुढच्या पातळीच्या, वर्गात मला फरक ओळखता येत नाही. उलट गाणी सुटल्यावर कित्येकांचं ऐकणं सुधारतं. गाण्यात शब्दांचा चढउतार चालीला विकलेला असतो, परीक्षेत आणि फोनवर तो जपानी माणसासारखाच हवा असतो. गाण्यांच्या जागी रेडिओवरच्या गप्पा घ्या. संगीतकारच बोलत असतात, दोन माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, एन-२ च्या ऐकण्याला यासारखी तयारी नाही. वाचनासाठी ‘रॉकिंग ऑन जपान’सारख्या मासिकातल्या लांबलचक मुलाखती घ्या. एशियन कुंग-फू जनरेशनचा गोतो मासाफुमी भरपूर लिहितो आणि सरळ लिहितो. तुमच्या चौघांपैकी जो थांबला नाही त्याच्यापासूनच सुरुवात करा. एक पान, शब्दकोश बाजूला ठेवून, मग तेच पान शब्दकोश घेऊन. जुलैच्या परीक्षेला हे पुरणार नाही, डिसेंबरच्या परीक्षेला पुरेल.